आवड दिसली की लगेच क्लास शोधू नका: नाशिकच्या आईबाबांना खुलं पत्र

नाशिकमधल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या आहेत आणि कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक लागले आहेत. ॲबॅकस, रोबोटिक्स, हस्ताक्षर, स्केटिंग, वेस्टर्न डान्स. बालवाडीच्या दारात मुलांना न्यायला येता तेव्हा तुम्ही मला विचारता, "ताई, हा सारखा चित्रं काढत असतो, ड्रॉइंगचा चांगला क्लास कुठला?" "हिला गाणी पटकन पाठ होतात, कुठे घालू?" या प्रश्नामागची माया मला कळते. आपल्याला जे मिळालं नाही ते लेकराला मिळावं, एवढीच तुमची इच्छा असते. पण माझं उत्तर दर वेळी तुम्हाला निराश करतं, आणि दारात उभ्याउभ्या, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मूल असताना ते नीट सांगताही येत नाही. म्हणून हे पत्र.

माझी विनंती अशी की आवड दिसली की लगेच क्लास शोधू नका. निदान काही महिने ती आवड घरातच राहू द्या आणि तुम्ही तिच्या मागे मागे चला.

आमच्या वर्गात पाचेक वर्षांची एक मुलगी होती. पावसाळ्यात आजोबांनी तिला गोदाकाठी नेऊन पूर दाखवला. नाशिककर पूर कसा मोजतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून गावाला अंदाज येतो. पोरगी घरी आली ती तेवढंच डोक्यात घेऊन. दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज मारुतीला किती पाणी?" थोडे दिवस घरात कौतुक झालं, मग कटकट वाटायला लागली. आई मला म्हणाली, "हिला दुसऱ्या कशात तरी गुंतवू का?" मी म्हटलं, "याच्यातच आणखी गुंतवा."

तिच्या बाबांनी जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोऱ्या बाजूने जोडली, त्यावर मुलीच्याच उंचीचा दोन तोंडांचा मारुती काढला आणि तो खोलीच्या दारामागे चिकटवला. सकाळी पेपर आला की बाबांनी बातमी वाचायची आणि तिने निळ्या खडूने मारुतीवर रेघ मारायची. एक दिवस ती अडून बसली. पाऊस तर थांबलाय, मग पाणी वाढलं कसं? मग बाबांना गंगापूर धरणाची गोष्ट सांगावी लागली. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात, पाणी सोडतात आणि ते वाहत शहरात येतं. पेपरात येणारा 'विसर्ग' हा शब्द तिला फार आवडला. आई भांडी घासायला लागली की ही शेजारी उभी राहून नळाचा विसर्ग वाढवायला आणि कमी करायला सांगायची. कुठली रेघ कुठल्या दिवसाची ते कळावं म्हणून तिला तारखा घालायच्या होत्या, त्यासाठी ती आकडे लिहायला शिकली. पेपरात 'मारुती' कुठे छापलंय ते शोधता शोधता मा, रु आणि ती ही अक्षरं तिला ओळखू यायला लागली. दिवाळीपर्यंत नदी उतरली आणि तिचं वेडही ओसरलं. तो मारुती दारामागून निघाला तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. तिचं काम झालं होतं.

आता सांगा, या मुलीला त्या जुलैत आपण कुठे घातलं असतं? नदीचं पाणी मोजायचा क्लास नसतो. मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. ज्याचा क्लास निघतो तेवढंच आपल्याला आवड म्हणून दिसतं. चित्र, नाच, गाणं आणि कराटे चटकन ओळखू येतात. मुंग्यांच्या रांगेशेजारी अर्धा तास उकिडवं बसलेलं मूल, घरातली सगळी कुलपं एका दोरीत ओवणारं मूल, सिटी बसचे नंबर पाठ असलेलं किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजणारं मूल आपल्याला वेळ वाया घालवताना दिसतं. त्याला आपण उचलतो, हातपाय धुतो आणि क्लासला नेऊन बसवतो. चार वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकत नाही अशी तक्रार तर मी रोज ऐकते. त्याचं लक्ष टिकतं हो. ते जिथे टिकलेलं असतं तिथून आपणच त्याला उठवतो.

तुम्ही म्हणाल, क्लासला घातल्याने आवड वाढणारच ना. नेहमी वाढतेच असं नाही, आणि याचा एक चांगला पुरावा आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर ते दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली. कोणी काही मागत नव्हतं, देत नव्हतं. बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांची आवड शाबूत होती. मुलांना कौतुक नको असतं असं यातून निघत नाही. मात्र एखादी गोष्ट कशासाठी तरी करायची आहे असं एकदा मनात बसलं की ते 'कशासाठी' संपल्यावर गोष्टही सुटते.

आपल्याकडे रिबिनीचं काम पाहुणे करतात. "काकांना गाणं म्हणून दाखव", "आजीला व्हिडिओ पाठवायचाय, पुन्हा एकदा नाच". कृपा करून हे थांबवा. मूल आपल्या नादात गात असेल तर मोबाइल काढू नका. चित्र दाखवायला आलं तर "वा, किती छान!" म्हणून मोकळं होण्यापेक्षा त्या चित्राकडे नीट बघा आणि विचारा, हा माणूस कुठे निघालाय, याचे पाय एवढे लांब का? मी वर्गात पाहिलंय, असं विचारलं की मूल परत जाऊन चित्रात भर घालतं.

दुसरा मुलगा दगडांचा. त्याच्या खिशातले दगड वॉशिंग मशीनमध्ये गेल्यामुळे घरात रामायण झालं होतं. मी आईला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे दिला आणि म्हटलं, या ट्रेमध्ये मावतील एवढेच दगड घरात, जास्त झाले तर कुठला बाहेर जाणार ते त्याने ठरवायचं. त्या एका नियमाने सगळं बदललं. ठेवायचा कुठला आणि टाकायचा कुठला हे ठरवायचं म्हणजे दगड ओळखावे लागतात. तो ते ओले करून बघायला लागला, एकमेकांवर घासायला लागला, दोन दोन हातांत धरून जड कुठला ते बघायला लागला. शेवटी त्याने एका काळ्या दगडाच्या खळग्यात चमकणारं पांढरं काहीतरी आणून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे आत कोणी घातलं?"

या प्रश्नासाठी आपण फार योग्य गावात राहतो. नाशिकचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि आंबोळीला जाळी पडते तशा दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे प्रचंड काळ त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक पोकळीत वाढत गेले. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी डोंगर फोडताना ते बाहेर पडतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, तिथे याच दख्खनच्या दगडांतून निघालेले पांढरे, हिरवे, गुलाबी स्फटिक बघायला मिळतात. त्या मुलाला तिथे नेलं तर तो एकाच काचेसमोर खिळून राहिला. बाबांना बाकीचं दाखवायची घाई झाली होती. मी त्यांना आधीच बजावलं होतं की तिकिटाचे पैसे वसूल करायला जाऊ नका. एकच कपाट बघून परत आलात तरी चालेल.

या बाबतीत नाशिकइतकं उदार गाव शोधून सापडायचं नाही, आणि आपण मुलांना सुट्टीत मॉलमध्ये नेतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. पक्ष्यांमागे लागलेलं मूल असेल तर थंडीत नांदूर मधमेश्वरला न्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे चमचा नावाचा पक्षी चमच्यासारख्या चोचीने पाणी ढवळताना दिसला की मुलांना दुसरं काही सांगावं लागत नाही. सांकेतिक लिपी, गुप्त खुणा असलं वेड असेल तर पांडवलेणी आहेतच. तिथल्या भिंतींवर सातवाहनांच्या काळातली ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. घरी येऊन त्या वळणाची स्वतःची लिपी बनवणारी मुलं मी पाहिली आहेत. नाणी जमवणाऱ्यांसाठी अंजनेरीला नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे. पुस्तकांत रमणाऱ्या मुलाला 1840 साली सुरू झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात न्या आणि पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या. त्याने सलग तिसऱ्यांदा तेच पुस्तक उचललं तरी गप्प बसा.

आणि दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस आपल्याला 1913 सालच्या चित्रपटामुळे माहीत असतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी काय केलं ते मुलांना सांगण्यासारखं आहे. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत एकेक चित्र टिपत गेले. ती चित्रं सलग दाखवली तेव्हा लोकांनी वेल डोळ्यांदेखत वाढताना पाहिला. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांना ते दाखवायचं होतं. हे आज कुठल्याही घरात जमतं. वाटीत ओल्या कापसावर मूग ठेवा, ओट्यावर खडूने खूण करा, आणि रोज सकाळी त्याच खुणेवर मोबाइल टेकवून मुलाला एक फोटो काढू द्या. आठवड्याने ते फोटो भराभर सरकवा. मोबाइल मुलाच्या हातात द्यायचाच असेल तर असा द्या. आमच्या वर्गात एका मुलाने मुगानंतर भाकरीच्या तुकड्यावरची बुरशी लावून धरली. आईला किळस आली, तरी तिने ती बशी खिडकीत राहू दिली. त्या माउलीला मी मनातल्या मनात हात जोडले.

आकड्यांचा नाद असलेली मुलं थोडी मोठी झाली की त्यांना देवळालीच्या कापरेकर सरांची ओळख करून द्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, शाळेतले मास्तर. 1930 ते 1962 त्यांनी देवळालीला शिकवलं आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. त्यांना सापडलेला 6174 हा आकडा आज जगभरच्या गणितज्ञांना माहीत आहे. रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीच्या नंबरातले चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. समजा 3524. मोठ्यापासून लहान लावले की 5432, लहानापासून मोठे लावले की 2345. वजाबाकी करा, 3087 येतात. त्याचंही तसंच करा, 8730 उणे 0378, म्हणजे 8352. पुन्हा, 8532 उणे 2358, आले 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174च येणार. कुठल्याही नंबरापासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. तिसरी-चौथीतलं मूल शाळेतून घरी येईपर्यंत एमएच 15 च्या चार गाड्यांचा हिशोब करून टाकतं. तेवढ्याच वजाबाक्या गृहपाठात दिल्या असत्या तर तुम्हाला त्याच्यामागे बसावं लागलं असतं.

क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं मुळीच नाही. पोहणं शिकवणाऱ्याकडूनच शिकावं, त्यात जिवाचा प्रश्न आहे. तबला, शास्त्रीय गाणं, मल्लखांब यांना गुरू लागतोच. पण मूल स्वतः अडायला लागेल तोवर थांबा. "मला असा घोडा काढायचाय, पण पाय जमत नाहीत, कोण शिकवेल?" असं ते म्हणेल त्या दिवशी क्लास शोधा. तो क्लास लाभेल. आणि पाचव्या वर्षी आवड सुटली तर त्याला धरसोड म्हणू नका. बहुतेक वेळा सहा महिन्यांची फी भरलेली असते म्हणून आपण मुलाला ओढत नेतो, आणि पुढे तो विषयच त्याच्या कायमचा डोक्यात जातो.

बाबांनो, आता थोडं तुमच्याशी. बालवाडीच्या दारात मला आया भेटतात, आज्या भेटतात, तुम्ही क्वचित. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट मला माहीत आहेत, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कागदाचा मारुती काढायला सांगणं सोपं नाही, हेही कळतं. तरी सांगते. मुलाला दोन तास नको असतात. वीस मिनिटं द्या, पण त्या वीस मिनिटांत खेळ त्याने ठरवावा आणि तुम्ही त्याच्या हाताखाली काम करावं. तुमच्या कामातलंच काही दाखवलंत तरी उत्तम. एका मुलाचे बाबा फिटर आहेत, त्यांनी घरी जुना नळ, चार नट-बोल्ट आणि एक पाना दिला. तो मुलगा वर्गात आल्यावर पहिले बिजागऱ्यांचे स्क्रू बघतो. घरातल्या आजोबांनाही यात घ्या. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले किती आजोबा आपल्या सोसायट्यांत आहेत! देशाची टपाल तिकिटं जवळपास शंभर वर्षं तिथे छापली जाताहेत, आणि नातवाला त्यातलं काहीच माहीत नसतं. गावाकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबरच्या छाटणीला मुलाला बांधावर उभं करा. कुठली काडी ठेवायची आणि कुठली कापायची हे आजोबा कसं ओळखतात, ते त्याने विचारू दे.

सामानाला पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, ते बिया, पानं, काड्या, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच चालवलं. तुमच्याकडे चिंचोके आहेत, शिंप्याकडच्या चिंध्या आहेत, हंगामात द्राक्षांच्या खोक्यांचे पुठ्ठे आहेत. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून मातीचा गोळा आणा आणि गच्चीवर पसरून द्या. फक्त एक करा, हे सगळं मुलाच्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर ठेवा. दर वेळी मागावं लागलं तर ते मागणं सोडून देतं आणि टीव्हीचा रिमोट घेतं.

सोसायटीच्या कमिटीत असलेल्या पालकांना आणखी एक विनंती. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालू नका. चार बाय चार फुटांचा एखादा मातीचा तुकडा तरी मोकळा सोडा, जिथे मुलांनी खणलं, चिखल केला, बी पुरून रोज उकरून बघितलं तरी वॉचमन ओरडणार नाही. गाड्यांना जागा कमी पडते हे मला माहीत आहे. तरीही मी हे मागते आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांना पहिल्या दिवशी मातीला हात लावायचीच भीती वाटते.

या सुट्टीत निदान मे महिना कुठलाही फॉर्म न भरता ठेवा. पहिले काही दिवस मूल "मला कंटाळा आलाय" म्हणून तुमच्या मागे फिरेल, त्याला लगेच काही सुचवू नका. मग ते कशाकडे वळतं ते बघा आणि एका वहीत लिहून ठेवा: कशाला हात लावला, काय विचारलं, कशापाशी सगळ्यात जास्त वेळ बसलं. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा ती वही घेऊन या. कुठला क्लास ते आपण तेव्हा बोलू. शनिवारी दुपारी मी बालवाडीतच असते, बाबांनाही घेऊन या.

तुमची,
बालवाडीतली ताई
नाशिक